आधी सोसायटीचे कर्ज, मग ग्राफिक्स कार्ड

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात सेवा केंद्र चालवणाऱ्या 26 वर्षांच्या एका वाचकाने विचारले आहे की, संगणकातले जीटीएक्स 1050 टीआय हे जुने ग्राफिक्स कार्ड काढून 30,000 रुपयांचे आरटीएक्स 4060 घ्यावे का. त्यासाठी त्यांनी 40,000 रुपये साठवले आहेत. पत्राच्या शेवटी मात्र ते लिहितात: ‘बाबांचे सोसायटीचे 1,10,000 रुपयांचे पीककर्ज यंदा भरत नाही. बँकेत वर्षाला 36,000 ची एफडी आहे, ती पाचव्या वर्षी दुप्पट होईल तेव्हा एकदमच फेडू. तिसऱ्या हप्त्याचे पैसे वेगळे ठेवले आहेत.’

कार्डाचे उत्तर आधी देतो: आत्ता घेऊ नका. तुम्ही व्हॅलोरंट आणि जीटीए 5 हे खेळ खेळता, मॉनिटर 60 हर्ट्‌झचा आहे, आणि सेटिंग बेताची ठेवली तर त्या मॉनिटरला पुरतील इतक्या फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रे) तुमचे चार जीबीचे कार्ड आजही देते. खेळात गोळी उशिरा लागते ही तुमची तक्रार मोबाइल हॉटस्पॉटमुळे आहे. नव्या कार्डाने पिंग, म्हणजे इंटरनेटवरून उत्तर यायला लागणारा वेळ, कमी होत नाही. शिवाय 1050 टीआय 75 वॅटमध्ये भागवते, तर 4060 ला 115 वॅट आणि पॉवर सप्लायची वेगळी जोडणी लागते, म्हणजे तुमचा स्वस्तातला पॉवर सप्लाय (एसएमपीएस) बदलावा लागेल, आणि फरक डोळ्यांना दिसायचा तर मॉनिटरही नवा हवा. 30,000 चे काम 45,000 वर जाते. एनव्हिडियाने ऑक्टोबर 2025 नंतर तुमच्या जुन्या कार्डाच्या पिढीसाठी नव्या खेळांचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) थांबवले हे खरे, पण सुरक्षेचे अपडेट ऑक्टोबर 2028 पर्यंत मिळणार आहेत. यूट्यूबवर खेळ दाखवून वर्षभरात कार्डाचे पैसे वसूल होतील, ही आशा तर सोडूनच द्या. जाहिरातींचा वाटा मिळायला 1,000 सदस्य आणि वर्षात 4,000 तासांचे प्रेक्षण लागते. त्यासाठी प्रक्षेपण करायचेच असेल, तर व्हिडिओ एन्कोड करण्याची सोय तुमच्या जुन्या कार्डातही आहे.

आता त्या ‘एफडी’कडे वळू, कारण खरे नुकसान तिथे होत आहे. एफडीला दरवर्षी हप्ता नसतो. तुम्ही पाठवलेल्या कागदावर हप्ते भरण्याची मुदत 5 वर्षे आणि पॉलिसीची मुदत 15 वर्षे छापली आहे. हा आयुर्विमा आहे आणि तो तुम्हाला खोटे सांगून विकला गेला. पाच हप्त्यांचे 1,80,000 रुपये पाचव्या वर्षाअखेर 3,60,000 व्हायचे तर वर्षाला सुमारे 24 टक्के परतावा लागेल, आणि तो कोणतीही बँक हमीने देत नाही. तेच पैसे पंधराव्या वर्षी दुप्पट झाले, तर परतावा साडेपाच टक्क्यांच्या आसपास पडतो. कापसाचे पैसे खात्यात जमा झालेले पाहून काउंटरवर असे कागद पुढे सरकवले जातात, याची मला मनापासून चीड येते.

या आशेपायी तुम्ही काय गमावता ते पाहा. केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून 3 लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्याला शून्य टक्क्याने पडते. कर्ज थकले की ही सवलत जाते. नुसत्या 7 टक्क्यांनी वर्षाचे 7,700 रुपये होतात, दंडव्याज वेगळेच. त्याहून वाईट म्हणजे नवंजुनं, म्हणजे जुने कर्ज भरून नवे उचलणे, होत नाही, आणि खरिपाच्या बियाण्या-खतासाठी खासगी कर्ज काढावे लागते. महिना 2 टक्क्यांनी तेवढीच रक्कम आठ महिने वापरली तर 17,600 रुपये व्याज. दोन्ही मिळून 25,000 रुपये, म्हणजे जवळजवळ तुमचे कार्डच.

म्हणून साठवलेले 40,000, हप्त्यासाठी ठेवलेले 36,000 आणि घरात उरल्याचे तुम्ही लिहिलेला पाच क्विंटल कापूस, सात हजाराच्या भावाने 35,000, असे 1,11,000 रुपये जमवून 31 मार्चपूर्वी कर्ज भरा आणि सोसायटीच्या गटसचिवांकडून पावती घ्या. तिसरा हप्ता भरू नका. दोन हप्ते भरलेले असल्याने पॉलिसी पूर्ण बुडत नाही. आज बंद केल्यास काय मिळेल आणि हप्ते थांबवून पेड-अप (भरलेल्या हप्त्यांपुरती कमी रकमेची) ठेवल्यास मुदतीअंती काय मिळेल, हे दोन्ही आकडे कंपनीकडून लेखी मागवा. बंद केल्यास 72,000 पैकी हमीचे 30 टक्के, म्हणजे 21,600 च्या आसपास हाती येतील, कदाचित थोडे अधिक. तो तोटा कडू आहे, पण त्याच्या भीतीने आणखी 1,08,000 त्यात ओतू नका. एफडी म्हणून विमा विकल्याची लेखी तक्रार कंपनीकडे करा, दाद लागली नाही तर विमा लोकपालांकडे जा. तिथे शुल्क लागत नाही.

नवे पीककर्ज मंजूर होईल तेव्हा त्यातला एक रुपयाही संगणकाकडे वळवू नका. कार्डाचा प्रश्न दिवाळीनंतर, सेवा केंद्राच्या कमाईतून पुन्हा पैसे साठल्यावर मला परत विचारा.