सही करण्यापूर्वी

प्रश्न : माझ्या नातीला अमेरिकेत, ऑरेगन राज्यातल्या न्यूबर्ग गावी जॉर्ज फॉक्स विद्यापीठात प्रवेश मिळतो आहे. खासगी, लहानसं ख्रिस्ती विद्यापीठ, क्वेकर लोकांनी काढलेलं. वागणुकीच्या नियमांवर सही करावी लागेल, असं ती म्हणते. मुलगा म्हणतो, "करून टाक सही, कोण बघायला येतंय?" मला धास्ती वाटते. क्वेकर म्हणजे ते ओट्सच्या डब्यावरचेच ना? धर्म बदलायला लावतील का?
– एक आजी, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : ताई, डब्यावरच्या टोपीवाल्याचा या पंथाशी संबंध नाही. कंपनीनं नाव तेवढं उचललं.

खरे क्वेकर सतराव्या शतकातल्या इंग्लंडचे. पंथ सुरू करणारा जॉर्ज फॉक्स विणकराचा मुलगा. ईश्वराचा अंश प्रत्येकात आहे, त्याच्यापर्यंत पोचायला मध्ये पाद्री लागत नाही, हे त्याचं म्हणणं. मग न्यायाधीश असो की जमीनदार, टोपी कुणापुढेच काढायची नाही. अहो-जाहो नाही, सगळ्यांना एकच 'तू'. आपल्या वारीत लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात. वाट अगदी उलटी, पण पोचतात एकाच जागी, असं मला वाटतं. आणि शपथ घ्यायची नाही, कोर्टातसुद्धा. शपथेवर खरं बोलायचं, तर एरवी काय खोटं बोलायचं? या हट्टापायी त्यांनी तुरुंग भोगले. १६५० साली डर्बीच्या एका न्यायाधीशानं त्यांना 'क्वेकर', म्हणजे 'थरथरणारे', म्हणून हिणवलं, तेच नाव चिकटलं. ते स्वतःला 'फ्रेंड्स' म्हणवतात.

न्यूबर्गला त्यांनी १८८५ मध्ये शाळा काढली. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला हर्बर्ट हूवर तिथल्या पहिल्या विद्यार्थ्यांतला. आईवडील वारल्यावर मामाकडे आलेला पोर. १८९१ मध्ये कॉलेज झालं, १९४९ मध्ये फॉक्सचं नाव मिळालं, १९९६ पासून विद्यापीठ. शिकवणारे ख्रिस्ती असावे लागतात, विद्यार्थ्यांना ती अट नाही. बायबलचा अभ्यास, प्रार्थनासभा, दारूबंदी हे मात्र आहे. आपलं इंदूरचं ख्रिश्चन कॉलेजही कॅनडाच्या मिशनऱ्यांनी १८८७ मध्ये काढलेलं. मराठी घरांतली कितीतरी मुलं तिथे शिकली, म्हणून कुणाचा गणपती बसायचा राहिला नाही.

हे लोक मला पुस्तकातून कळलेले नाहीत. होशंगाबादजवळ (आताचं नर्मदापुरम) रसुलियाला त्यांचं फ्रेंड्स रूरल सेंटर. सेवाग्रामला नई तालीमचं, म्हणजे गांधीजींच्या हातकामातून शिक्षणाचं, काम केलेल्या क्वेकर शिक्षिका मार्जरी साइक्स नंतर तिथे राहिल्या. १९७२ मध्ये 'किशोर भारती' ही स्वयंसेवी संस्था आणि रसुलिया यांनी मिळून १६ सरकारी शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात केली. त्या कामाच्या शिक्षक-शिबिराला मी इंदूरहून जायचो. एका सकाळी त्यांच्या प्रार्थनेला बसलो. सतरंजीवर आठ-दहा माणसं. ना मूर्ती, ना क्रूस, ना भजन. कुणी काही बोलेना. मी आरतीच्या घरातला. दहा मिनिटांत पाय अवघडले, वाटलं सुरू कधी होणार? मग बाहेर विहिरीचा रहाट कुरकुरलेला ऐकू आला, शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांचा श्वास ऐकू आला, आणि मी हलायचं विसरलो. बऱ्याच वेळानं एक बाई एवढंच म्हणाल्या, "काल मी त्या मुलाला उगाच रागावले." पुन्हा शांतता. शेवटी सगळ्यांनी एकमेकांचे हात हातात घेतले आणि चहाला उठलो. मला तिथे कुणी कधी ख्रिस्ती हो म्हटलं नाही.

न्यूबर्गला अशीच शांतता भेटेल असं समजू नका. त्या भागातल्या फ्रेंड्सच्या उपासनेत पाद्री असतो, गाणी असतात.

म्हणून धर्माची काळजी सोडा. मला काळजी वाटते ती तुमच्या मुलाच्या वाक्याची. शपथ नको, शब्द पुरे, असं म्हणून तुरुंगात गेलेल्या माणसाच्या नावाचं विद्यापीठ, आणि तिथे पहिलंच पाऊल खोट्या सहीनं टाकायचं? असं करू देऊ नका. तो कागद नातीसोबत ओळीनं वाचा. प्रार्थनासभांना किती वेळा हजर राहावं लागतं, बायबलचे विषय किती, वसतिगृहाचे नियम काय, हे तिला स्वतःला पत्रानं विचारू द्या. तिला पाळता येणार असेल तर आनंदानं जाऊ दे. एखादी अट मनाविरुद्ध वाटली तर दुसरं विद्यापीठ बघा, वर्ष गेलं तरी चालेल.

ती जाणारच असेल तर आधी एकदा तिला रसुलियाला घेऊन जा. नर्मदेचं दर्शनही होईल.