गिटार पेडलचा फूटस्विच कधी लागतो, कधी लागत नाही. कॉन्टॅक्ट क्लीनर (स्विचच्या आतली धातूची टोकं साफ करायचा स्प्रे) मारून भागेल की स्विचच बदलावा?

तुम्ही लिहिलंय की ओव्हरड्राइव्ह (गिटारचा आवाज फाटका, जाडसर करणारं) पेडल आहे, दाबल्यावर 'टक्' असा आवाज येतो, एलईडी लागतो, पण कधी कधी इफेक्ट येतच नाही. दोन-तीनदा दाबलं की येतो. ही लक्षणं नऊ पायांच्या स्विचची, म्हणजे ३पीडीटीची आहेत. तसं असेल तर स्विच बदला. स्प्रेने फार तर काही दिवस निघतील.

एलईडी लागूनही इफेक्ट का येत नाही? कारण या स्विचमध्ये तीन वेगळे स्विच एकाच दट्ट्यावर चालतात. एक इनपुटचा, एक आउटपुटचा, तिसरा फक्त एलईडीचा. आत प्रत्येकाची धातूची छोटी पट्टी मधल्या पायावर सी-सॉसारखी कलते. तिघांची झीज सारखी होत नाही, त्यामुळे एलईडीचा भाग ठणठणीत आणि आउटपुटचा मेलेला, असं सर्रास होतं. एलईडी हा स्विच चांगला असल्याचा पुरावा नव्हे.

पण उघडण्याआधी केबल आणि अ‍ॅडॉप्टर बदलून बघा. जॅक हलवल्यावर खरखर झाली तर दोष जॅकचा. मग मागचं झाकण काढा, पेडल चालू ठेवा आणि बांबूच्या काडीने (धातूच्या नको) स्विचला आलेली एकेक वायर हळूच ढकला. आवाज येतो-जातो असं झालं तर ते ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला सोल्डरचा डाग. तेवढा डाग पुन्हा दिला की काम झालं, स्विच वाचला.

काडीने काही सापडलं नाही तर मल्टीमीटर. पॉवर आणि केबल काढा, बॅटरीही काढा. पायांच्या चपट्या बाजू आडव्या दिसतील असं पेडल धरा. आता प्रत्येक उभ्या रांगेतले तीन पाय म्हणजे एक स्विच, आणि मधला पाय सामाईक. मीटर २०० ओहमवर ठेवा. आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून काय आकडा येतो ते बघा, साधारण ०.२ ते ०.५. मग मधला आणि वरचा, मधला आणि खालचा अशा जोड्या मोजा, आणि प्रत्येक जोडीसाठी स्विच वीसेक वेळा दाबा. दर दुसऱ्या दाबाला जोडी जुळते; जुळलेली असताना आकडा जवळपास प्रोबच्या आकड्याइतकाच यायला हवा. स्थिर दोन-चार ओहमने गिटारच्या आवाजाला काही फरक पडत नाही, समोर लाखो ओहमचा इनपुट असतो. घाबरायचं ते आकडा नाचत असेल किंवा जोडी जुळायला हवी तेव्हा एकदा जरी 'ओपन' (जोडणीच नाही असं) दाखवलं तर.

क्लीनरबद्दल माझा आक्षेप असा: तो दट्ट्याच्या फटीतून आत गेला की तिथलं ग्रीस पातळ करून नेमकं कॉन्टॅक्टवर आणून सोडतो. पावसाळाभर पडून राहिलेल्या पेडलला मात्र पॉवर काढून स्विच तीस-चाळीस वेळा नुसता दाबला तरी वरवरचा ऑक्साइड घासून निघतो. हे फुकट आहे, आधी करून बघा.

बदलताना आधी फोटो काढा. वरचा नट बहुधा १४ मिमीच्या पान्याचा, भोक १२ मिमीचं. स्विच छोट्या बोर्डवर सोल्डर केलेला असेल तर नऊही पाय एकदम सोडवायच्या फंदात पडू नका, बोर्डचे पॅड (पाय सोल्डर केलेल्या तांब्याच्या चकत्या) उखडतात. पाय कटरने कापून एकेक काढा. नवा स्विच लॅचिंगच (दाबून सोडला तरी त्याच स्थितीत राहणारा) घ्या. सोल्डरिंग आयर्न ३५० अंशांच्या आसपास, वायरला आधीच कथील लावलेलं, आणि एका पायावर तीन सेकंदांपेक्षा जास्त नाही. एक पाय झाला की शेजारचा नको, लांबचा घ्या. जास्त तापवलं की खालचं प्लॅस्टिक मऊ होतं, पाय किंचित खचतो, आतली पट्टी तिरकी बसते, आणि नवाकोरा स्विच पहिल्या दिवसापासून तुमच्या जुन्यासारखाच वागतो. नट आवळताना आतून स्विच धरून ठेवा, नाहीतर तो फिरून वायर पिळल्या जातात.

बॉस कंपनीच्या पेडलसारखी रुंद पट्टी असेल, तर वरचं बरंचसं लागू नाही. तिथे पट्टीखाली दोन वायरचा साधा क्षणिक (दाबलेला असेपर्यंतच जोडणारा) स्विच असतो, आवाजाची अदलाबदल सर्किट करतं. पेडल चालू ठेवून त्या दोन टोकांना चिमट्याने क्षणभर जोडा. दरवेळी नीट पलटलं तर स्विच खराब, नाही पलटलं तर दोष सर्किटमध्ये. असा स्विच झिजला की एकदा दाबल्यावर दोनदा पलटतो, म्हणजे पेडल होतं तिथेच राहतं आणि आपल्याला वाटतं दाबलंच गेलं नाही.