वाचकांचे प्रश्न : अल्फा-१ अँटीट्रिप्सिनचा रिपोर्ट कसा वाचावा?

प्रश्न : भावाला चाळिशीतच एम्फिसिमा (फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या खराब होण्याचा आजार) निघाला. छातीचा संसर्ग चालू असतानाच अल्फा-१ अँटीट्रिप्सिन तपासले. पातळी १०५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आली. रिपोर्टवर ९० ते २०० ही मर्यादा आहे. म्हणजे दोष नाही असे समजायचे का?

उत्तर : एवढ्यावरून नाही. फुप्फुसांचे रक्षण करणारे हे प्रथिन मुख्यतः यकृतात तयार होते आणि शरीरात दाह सुरू झाला की यकृत ते कितीतरी जास्त बनवते. त्यामुळे एरवी ७० असणारी पातळी संसर्गात सहज शंभरापुढे जाते. म्हणून त्याच नमुन्यात सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारे रक्तातले प्रथिन) हेही मोजायचे असते. ते वाढलेले असेल, तर संसर्ग ओसरल्यावर काही आठवड्यांनी दोन्ही चाचण्या पुन्हा करा.

तरीही आकड्यापेक्षा जनुकाचा प्रकार महत्त्वाचा. आई आणि वडील यांच्याकडून एकेक प्रत येते; एम हा नेहमीचा प्रकार, एस आणि झेड हे सदोष. दोन्ही प्रती झेड असतील तर पातळी सामान्याच्या १०-१५ टक्केच राहते आणि संसर्गातही फारशी वाढत नाही. १०५ आल्याने ती शक्यता जवळजवळ मावळली. एमझेड (एक प्रत एम, दुसरी झेड) किंवा एसझेड मात्र अजून नाकारता येत नाही. जीनोटाइप चाचणी, म्हणजे या जनुकाच्या दोन्ही प्रतींचा प्रकार सांगणारी तपासणी, करून घ्या. तिच्यावर संसर्गाचा परिणाम होत नाही.

प्रश्न : जंतूंशी लढणारी विकरे अडवणारे हे अँटीट्रिप्सिन प्रतिकारशक्तीच्या बाजूचे की विरोधातले?

उत्तर : बाजूचेच. न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी गिळलेले जंतू इलास्टेज या विकराच्या मदतीने मारतात. पेशीच्या आत चालणाऱ्या या कामाच्या आड अँटीट्रिप्सिन येत नाही. इलास्टेज पेशीबाहेर सांडले, की ते फुप्फुसांना लवचीक ठेवणारे इलास्टिनचे तंतू तोडू लागते. अशा वेळी अँटीट्रिप्सिनच्या पृष्ठभागावरचा सैल वेटोळा इलास्टेजला आमिषासारखा मिळतो. त्याने वेटोळा तोडताच तो उंदराच्या सापळ्यासारखा उलटतो, इलास्टेजला प्रथिनाच्या दुसऱ्या टोकाला ओढून नेतो आणि त्याचा आकारच बिघडवतो. यात दोघेही कायमचे निकामी होतात. एका विकरामागे एक रेणू खर्ची पडत असल्याने पुरवठा सतत लागतो.

सिगारेट इथे दुहेरी घात करते. वेटोळ्यातल्या ३५८व्या जागेवरच्या मेथिओनिन या अमिनो आम्लाचे धुरामुळे ऑक्सिडीकरण होऊन पकड ढिली पडते, आणि त्याच धुराने फुप्फुसात न्यूट्रोफिलही जास्त जमतात. कमतरता असलेल्याने सिगारेट सोडणे हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. कोणतेही औषध त्याची जागा घेत नाही.

झेड प्रकारात ३४२व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन असते. असे रेणू एकमेकांत गुंतून यकृताच्या पेशींतच साचतात, म्हणून काहींना पुढे सिऱ्होसिसही (यकृत कठीण होऊन निकामी होत जाण्याचा आजार) होतो.

प्रश्न : आहाराने किंवा गोळ्यांनी पातळी वाढते का?

उत्तर : नाही. तोंडाने घेतलेले प्रथिन पचून जाते. तीव्र कमतरता आणि एम्फिसिमा दोन्ही असतील, तर रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून वेगळे काढलेले प्रथिन शिरेतून देतात : आठवड्याला प्रति किलो ६० मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला ३.६ ग्रॅम. याने फुप्फुसाची झीज मंदावते, पण झालेले नुकसान भरून येत नाही आणि यकृतात साचलेले रेणूही हटत नाहीत. एमझेड असलेल्याला हे उपचार देत नाहीत.

भावाच्या चाचणीत झेड प्रत निघाली, तर तुमचीही जीनोटाइप चाचणी लगेच करा, श्वासाचा काहीही त्रास नसला तरी.