'फ्लोट्स', 'लाइम्स', 'मीडियम्स' : विजेआधीच्या रंगमंचावरचे दिवे

जुन्या इंग्रजी नाटकाचं भाषांतर करताना 'फ्लोट्स डाउन', 'लाइम्स ऑन' आणि 'ग्रीन मीडियम्स' या सूचनांवर तुम्ही अडलात. तिन्ही शब्दांचा जन्म विजेच्या आधीचा आहे.

आधी 'लाइम' घेतो, कारण फसगत इथेच होते. हे लिंबू नव्हे, ही चुनकळी. ऑक्सिजन-हायड्रोजनच्या ज्योतीत चुनकळीची कांडी तापवली की ती वितळत नाही, डोळे दिपवणारा पांढरा प्रकाश देते. 1820च्या दशकात थॉमस ड्रमंड यांनी हा दिवा जमीनमोजणीसाठी वापरला, 1837 मध्ये तो लंडनच्या कोव्हेंट गार्डन थिएटरात आला. पुढे भिंग लावलं की झोत एकट्या नटावर धरता यायचा. ज्योत एकाच जागी लागत राहिली तर चुन्याला खड्डा पडे. म्हणून प्रत्येक दिव्यामागे एक माणूस कांडी सतत थोडी थोडी फिरवायचा, वायूंच्या चाव्या सांभाळायचा आणि झोतही नटामागून न्यायचा. त्या काळच्या नाट्यगृहातलं सर्वांत कसबाचं काम हेच, असं माझं ठाम मत आहे.

'फ्लोट्स' म्हणजे रंगमंचाच्या पुढच्या कडेचे दिवे, फूटलाइट्स. तेलावर तरंगणाऱ्या वातींवरून हे नाव पडलं आणि गॅस आला तरी टिकलं. अंधार हवा असला की ही रांग फटीतून मंचाखाली उतरवत, म्हणून 'डाउन'. गॅसच्या काळात तोट्या पिळल्या की काम होई. सगळ्या चाव्या एका 'गॅस टेबल'वर असत, आजच्या डिमर बोर्डाचा, म्हणजे दिवे कमी-जास्त करणाऱ्या फलकाचा, तो पूर्वज.

'मीडियम' म्हणजे दिव्यांपुढे आणलं जाणारं रंगीत रेशमी किंवा सुती कापड. नंतर जिलेटिनचे कागद आले. ते खरोखरच जिलेटिनचे असत, उष्णतेने ठिसूळ व्हायचे आणि पाण्यात विरघळायचे. आज प्लॅस्टिक आहे, नाव 'जेल'च.

मी असं लिहीन: 'फूटलाइट्स खाली', 'चुन्याच्या दिव्याचा झोत', 'दिव्यांपुढे हिरवं कापड'. 'स्पॉट' टाळा, त्या शब्दाने वाचकाला वीज दिसते. मात्र नाटकाचं साल आधी बघा. लंडनचं सॅव्हॉय थिएटर 1881 मध्ये विजेने उजळलं, तरी चुन्याचे दिवे इतरत्र बरीच वर्षं चालले आणि ब्रिटिश रंगभूमीवर विजेच्या फॉलो स्पॉटलाही (नटामागून फिरणाऱ्या झोताच्या दिव्यालाही) 'लाइम' म्हणणं सुरूच राहिलं.