सेल बनव, पण आधी मोजायला शिक

प्रिय पोरी,

तुझा मेल मिळाला, सोबतचं प्रपोजलही वाचलं, दोनदा वाचलं. उत्तराला उशीर झाला कारण 'छान आहे, ऑल द बेस्ट' एवढं लिहून मोकळं होणं मला जमेना. पेरोव्स्काइटचा, म्हणजे त्या नव्या जातीच्या स्फटिकाचा, नवीन सोलर सेल बनवायचा, एफिशियन्सी वाढवायची आणि आफ्रिकेतल्या खेड्यापाड्यांत वीज पोचवायची असं तुझं म्हणणं आहे. दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत, पण पहिलीवरून दुसरीवर तू जी उडी मारलीस ती काही मला पटली नाही.

कारण बघ, सहाराच्या खालच्या आफ्रिकेत आजही साधारण ६० कोटी लोकांकडे वीज नाही. जगातल्या सगळ्यात चांगल्या उन्हाचा जवळपास ६० टक्के वाटा त्या खंडाकडे आहे आणि सोलर बसलंय ते जगाच्या मानाने एक टक्क्याच्या आसपास, हा आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा २०२२ चा आकडा. आता मला सांग, हे लोक काय पॅनलची एफिशियन्सी दोन टक्के कमी पडते म्हणून अंधारात बसलेत का? पॅनल तर आता मातीमोल झालंय. अडतंय ते कर्ज महाग आहे म्हणून, लाइन नाही म्हणून, बॅटरी दोन उन्हाळ्यांत बसते म्हणून, दुरुस्तीला माणूस नाही म्हणून, आणि बऱ्याच ठिकाणी तर तिथे नक्की काय आहे हेच कुणी नीट मोजलेलं नाही म्हणून. यातल्या शेवटच्या गोष्टीबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण ते आपलं, म्हणजे सायन्सवाल्यांचं काम आहे आणि ते करायला फारसं कुणी तयार नसतं, त्यात ग्लॅमर नाही ना.

तुला तुर्काना जेटबद्दल, म्हणजे केनियातल्या एका जोरदार वाऱ्याच्या झोताबद्दल, माहितीये का? नसेल, हरकत नाही, आपल्याकडे बहुतेकांना नसतं. केनियाच्या उत्तरेला इथिओपियाचं पठार आणि पूर्व आफ्रिकेचा डोंगराळ भाग यांच्या मधे एक मोठी खिंडच आहे म्हण ना, तिला तुर्काना चॅनल म्हणतात. आग्नेयेकडून येणारा वारा तिच्यात शिरला की दोन्ही बाजूंनी आवळला जातो आणि जमिनीपासून फार उंच न जाता सुसाट सुटतो, तेही जवळजवळ वर्षभर. १९८२ साली किनुथिया आणि अस्नानी या दोघांनी 'मंथली वेदर रिव्ह्यू'मधे पेपर लिहून या जेटची पहिल्यांदा नोंद केली. किनुथिया केनियाचे. आणि हे अस्नानी म्हणजे आपल्या पुण्याच्या ट्रॉपिकल मीटिऑरॉलॉजी इन्स्टिट्यूटचेच, पाषाणला जिच्यावरून तू रोज स्कूटीने जातेस ना, तीच. उष्ण कटिबंधातल्या हवामानावरचा त्यांचा जाडजूड ग्रंथ तिथल्या लायब्ररीत बघायला मिळेल, एकदा हातात घेऊन तर बघ.

तर हे त्यांनी शोधलं कशाने? सॅटेलाइटने नाही, सुपरकंप्युटरने तर नाहीच नाही. पायलट बलूनने. तू आता सॉफ्टवेअरमधेच वाढलीस म्हणून जरा सविस्तर सांगतो. रबरी फुग्यात मोजून हायड्रोजन भरायचा, किती वजन उचलतोय ते आधी बघायचं, कारण त्यावरून तो मिनिटाला किती मीटर वर जाणार ते ठरतं. मग सोडायचा आणि थिओडोलाइटला, म्हणजे कोन मोजायच्या दुर्बिणीला, डोळा लावून बसायचं. दर मिनिटाला दोन कोन वाचायचे, एक आडवा एक उभा, शेजारी दुसरा माणूस वहीत लिहून घेतो. चढण्याचा वेग धरलेला असतो त्यामुळे प्रत्येक मिनिटाला उंची माहीत, उंची आणि कोन कळले की फुगा जमिनीवरच्या कुठल्या बिंदूच्या वर आहे ते निघतं, दोन बिंदूंमधलं अंतर भागिले वेळ म्हणजे त्या थरातला वारा. झालं. रात्री सोडायचा असेल तर फुग्याखाली छोटा दिवा बांधतात, आणि वारा जोरात असला की तो दिवा इतका झपकन लांब जातो की ताऱ्यांत हरवतो आणि आकडे तिथेच संपतात, म्हणजे जिथे वारा सगळ्यात जास्त तिथेच डेटा सगळ्यात कमी, मोजणाऱ्यांच्या नशिबी हे कायमचं.

आता पुढची गोष्ट ऐक. त्याच पट्ट्यात, तुर्काना सरोवराच्या आग्नेयेला, लोयांगलानीच्या बाजूला ३६५ पवनचक्क्या उभ्या राहिल्या, एकेक ८५० किलोवॅटची, मिळून ३१० मेगावॅट. तो १९८२ चा पेपर वाचून कुणी लगेच प्रकल्प काढला असं मी म्हणत नाहीये, तसं कधी होत नसतं, मधे प्रकल्पवाल्यांनी आपले मास्ट, म्हणजे वारा मोजायचे उंच खांब, उभारून स्वतःचं मोजमाप केलंच. पण तिथला वारा हा चार दिवसांचा पाहुणा नाही, डोंगरांच्या ठेवणीमुळे तो तिथे वस्तीलाच आहे, हे माहीत असणं म्हणजे बँकेसमोर बसताना केवढा आधार. पवनचक्कीला जो कर्ज देतो तो वाऱ्याला कर्ज देत असतो. आणि वाऱ्याची ताकद वेगाच्या घनात वाढते, त्यामुळे वेग मोजण्यात १० टक्के चूक म्हणजे ऊर्जेच्या हिशोबात ३० टक्क्यांच्या घरात घोळ, हे गणित तू कागदावर करून बघ, मजा वाटेल.

बरं, वाटेल की आता सॅटेलाइट आहेत, मॉडेलं आहेत, फुगे कोण सोडतंय. तर २०२१ मधे केनियातल्या आणि ब्रिटनमधल्या संशोधकांनी त्याच भागातल्या मार्साबिटला पुन्हा फुगे सोडले, या वेळी रेडिओसॉंड, म्हणजे वर जाता जाता रेडिओवरून आकडे पाठवणारं यंत्र, लावून, आणि निघालं काय, तर सगळं जग ज्या रीअॅनालिसिस डेटावर (म्हणजे जुनी मोजमापं आणि मॉडेल जुळवून बनवलेल्या हवामानाच्या नोंदींवर) भरवसा ठेवून बसलंय तो हा जेट खऱ्यापेक्षा कमजोर दाखवतो. चाळीस वर्षांनीसुद्धा.

पण गोष्ट इथे थांबवली तर ती अर्धी राहील आणि तू मला उद्या शिव्या घालशील. पवनचक्क्या २०१७ मधेच उभ्या राहिल्या होत्या, वीज मात्र ग्रिडला मिळाली २०१८ च्या सप्टेंबरात, कारण नैरोबीच्या बाजूच्या सुस्वा सबस्टेशनपर्यंतची चारशेवर किलोमीटरची लाइनच तयार नव्हती. पाती तयार, वारा तयार, आणि तारा नाहीत! केनिया सरकारला त्यापायी दंड भरावा लागला तो वेगळाच. आणि ती लाइन ४०० केव्हीची, म्हणजे ४ लाख व्होल्टची, एवढा दाब घरात वापरण्याइतका खाली आणायचा तर वाटेत सबस्टेशन लागतं, त्यामुळे ज्यांच्या उंट-शेळ्यांच्या कुरणात हा सगळा खटाटोप झाला त्यांच्या डोक्यावरून वीज थेट नैरोबीच्या दिशेने जाते. जमीन ज्या पद्धतीने घेतली गेली त्यावरून ते लोक कोर्टात गेले आणि २०२१ मधे कोर्टाने जमिनीचे ते हक्कपत्र बेकायदेशीर ठरवले. साताऱ्याच्या चाळकेवाडीच्या पठारावर गेली असशील तर पवनचक्कीच्या बुडाशी राहणाऱ्यांच्या तक्रारी तुला नव्या नाहीत. म्हणून म्हणतो, मेगावॅट वाढले म्हणजे घरात दिवा आला असं धरून चालू नकोस, दोन्हीचं मोजमाप वेगळं असतं आणि दोन्हीचं शास्त्रही वेगळं.

त्या दुसऱ्या शास्त्रात काय येतं, तर पश्चिम केनियात अर्थशास्त्रज्ञांनी १५० वस्त्यांमधे जाऊन मोजणी केली होती, ज्या वस्त्यांत ट्रान्सफॉर्मर आधीच बसलेला. म्हणजे पोल दारात. तरी किती घरांनी कनेक्शन घेतलं होतं? सुमारे ५ टक्के. कनेक्शनची फी होती ३५,००० शिलिंग, बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेरची. सरकारदरबारी ती गावं 'विद्युतीकरण झालेली'. (हे वाचून तुला आपलं काही आठवलं असेल तर आठवू दे.) पुढे सरकारने फी १५,००० वर आणली. मोजल्याशिवाय हे कळलं असतं का, सांग. अजून एक, मिनीग्रिड, म्हणजे एखाद्या गावापुरतं वीज बनवून वाटायचं छोटं जाळं, टाकायच्या आधी लोकांना विचारतात की बाबांनो किती वीज वापराल, लोक काय, टीव्ही सांगतात, फ्रिज सांगतात, इस्त्रीपण सांगतात, आणि मग प्रत्यक्षात मीटर बघितला तर दोन बल्ब आणि एक मोबाईल. केनियातल्याच मिनीग्रिडवर हे तपासून झालंय, सर्व्हेचा अंदाज आणि मीटरचा आकडा यांचा मेळच बसत नाही. ग्रिड मोठा बांधला की वीज महाग, वीज महाग की वापर कमी, आणि कंपनी बुडीत.

आणि दिव्यांचं तर विचारूच नकोस. २००७ मधे जागतिक बँकेच्या मंडळींनी 'लायटिंग आफ्रिका' सुरू केलं तेव्हा बाजारात पैशाला पासरी सोलर कंदील येत होते, खोक्यावर लिहिलेलं १२ तास आणि चालायचा कसाबसा ४. एकदा फसलेलं घर परत सोलरच्या वाटेला जात नाही, रॉकेलच बरं म्हणतं. मग लॅबवाल्यांनी टेस्टच्या पद्धती बसवल्या: एका चार्जवर किती तास, तेवढ्या वेळात उजेड किती उतरतो, उंचावरून पडला तर काय, पाणी उडालं तर काय. पुढे त्या पद्धतींचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड झालं आणि बऱ्याच देशांनी ते आयातीला लावलं. यात शोध वगैरे काही नाही, नोबेल तर सोडच, पण घराघरात उजेड नेण्यात या कंटाळवाण्या टेस्टचा वाटा मी कुठल्याही रेकॉर्ड एफिशियन्सीपेक्षा मोठा धरतो. तू भांडशील यावर. भांड.

ओल्कारियाबद्दल, म्हणजे केनियातल्या जमिनीच्या वाफेवरच्या वीजकेंद्राबद्दल, लिहायला बसलो तर पत्र संपायचं नाही, थोडक्यात सांगतो. नैवाशाजवळ जमिनीतल्या वाफेसाठी पहिली बोअर १९५० च्या दशकात मारली, पहिली वीज निघाली १९८१ ला, १५ मेगावॅट. आज केनियाची चाळीस टक्क्यांच्या आसपास वीज भूगर्भातली आहे. मधल्या काळात त्यांनी काय केलं तर आपली पोरं आइसलँडला धाडून धाडून शिकवली, एवढी की आता आजूबाजूचे देश केनियाच्या माणसांना बोलावतात. बाहेरून आलेला एक्स्पर्ट प्रोजेक्ट संपला की जातो, तिथलाच माणूस तयार झाला की राहतो.

आता तुझ्या प्रपोजलकडे येतो. पेरोव्स्काइट सोडू नकोस, पण प्रश्न फिरव. ते मटेरियल ओलावा आणि उष्णतेने खराब होतं हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, मग २५ अंशांच्या लॅबमधली एफिशियन्सी सांगण्यापेक्षा केनियातल्याच किसुमूच्या दमट हवेत किंवा लोडवारच्या भाजणाऱ्या पत्र्यावर १८ महिन्यांनी काय उरतं ते मोज. सहारावरून हरमॅटनचा कोरडा, धुळीचा वारा सुटतो तेव्हा पश्चिम आफ्रिकेत पॅनलवर धुळीचा थर बसतो, त्यावर काम करायचं असेल तर घानाचा विचार कर. पण 'आफ्रिका' असं लिहू नकोस, ते ५४ देश आहेत. एक देश घे, एक जिल्हा घे, तिथल्या विद्यापीठातला गाइड आधी शोध, आणि पेपरवर त्यांच्या विद्यार्थ्याचं नाव आभारात नाही तर लेखकांत टाक.

बजेटच्या पानावर तू प्रवासाला बरेच पैसे ठेवलेस आणि सेन्सरला त्याहून जास्त. पण सेन्सरची काच रोज सकाळी पुसायला कोण जाणार, त्याला महिन्याला काय देणार, आकडे साठवणाऱ्या लॉगरची बॅटरी गेली तर जवळच्या गावात मिळते का, याची एक ओळही नाही. पायरानोमीटरवर, म्हणजे ऊन मोजायच्या सेन्सरवर, धूळ बसली की तो बिचारा ऊन कमी दाखवतो आणि तू बसशील त्याचा ढगांशी संबंध जोडत. शक्य असेल तर स्टेशन शाळेच्या आवारात लाव, आफ्रिकेत हवामान केंद्रांचं एक मोठं जाळं याच पद्धतीने उभं राहतंय, शाळेत लक्ष ठेवायला माणसं असतात आणि पोरांना शिकायलाही मिळतं. आणि थोडी स्वाहिली शिकून घे, युट्यूबवर भरपूर आहे, नैरोबीत इंग्रजीवर निभावेल पण स्टेशन सांभाळणाऱ्या माणसाशी तुला त्याच्या भाषेत बोलता आलं पाहिजे.

डेडलाइन महिनाअखेर आहे ना? मग रविवारपर्यंत दुसरा ड्राफ्ट पाठव, आधी बजेटचं पान, बाकीचं नंतर. आणि आईला सांग की केनियाला जायच्या आधी यलो फीव्हरची लस घ्यावी लागेल, परत येताना मुंबईला उतरल्यावर ते कार्ड मागतात, ती तारीख आत्ताच बघून ठेवलेली बरी.

तुझा,
काका