गाळ्याची किंमत आणि कानावर पडलेला आकडा

प्रश्न : नाशिकच्या मेन रोडलगत वडिलांचा 250 चौरस फुटांचा गाळा आहे. दुकान भाऊ चालवतो, माझ्या हिश्श्याचे पैसे तो मला देणार आहे. व्हॅल्युअर आले तेव्हा भाऊ बोलता बोलता म्हणाला, "बँकेने मागे 40 लाख धरले होते." अहवालही 40 लाखांचाच आला. भाडं महिना 22 हजार, दर 6 टक्के असं लिहिलंय. भावाने त्यांना फितवलं असेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, फितवायची गरजच नसते. आकडा नुसता कानावर पडला तरी पुरतो. 1987 साली नॉर्थक्राफ्ट आणि नील या संशोधकांनी अमेरिकेतल्या टूसॉन शहरात इस्टेट एजंटांना एकच घर दाखवलं. माहितीही तीच, फक्त मालकाने मागितलेली किंमत प्रत्येक गटाला वेगळी सांगितली. एजंटांचे अंदाज त्या किमतीच्या दिशेने सरकले. तरी त्या किमतीचा आपण विचार केला, हे फार थोड्यांनी कबूल केलं.

गाळ्याच्या बाबतीत हा आकडा दरात लपून बसतो. दर म्हणजे खर्च वजा जाता वर्षाला हाती येणारं भाडं किमतीच्या किती टक्के धरायचं ते; त्या भाड्याला दराने भागलं की किंमत निघते. वर्षाचं भाडं 2 लाख 64 हजार, घरपट्टी-दुरुस्ती वजा जाता समजा 2 लाख 40 हजार उरले. 6 टक्क्यांनी 40 लाख होतात, 5 टक्क्यांनी 48. डोक्यात आधीच 40 असतील तर 6 हाच दर रास्त वाटू लागतो. एका टक्क्यात 8 लाखांचा फरक पडतो आणि कागदावर गणित बिनचूक दिसतं!

म्हणून मी स्वतः मूल्यांकनाला जाते तेव्हा पक्षकार आकडा सांगू लागले की त्यांना तिथेच थांबवते. आधी टेप लावते : शटरची रुंदी, पोटमाळ्याची उंची, खांब कुठे येतो. मग आसपासची भाडी आणि विक्री पाहून दर लिहून ठेवते. जुना अहवाल त्यानंतरच उघडते.

तुम्ही त्यांना लेखी विचारा : 6 टक्के कशावरून धरले? कोणत्या गाळ्यांचे इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या विक्रीचे उतारे) पाहिले, कोणत्या तारखांचे? क्षेत्र कार्पेट (भिंतींच्या आतलं) धरलं की बिल्टअप (भिंती धरून)? (इथेही पुष्कळ घोळ होतो.) उत्तर पटलं तर 40 लाख मनात किंतू न ठेवता मान्य करा. नाही पटलं, तर भावाबरोबर मिळून दुसरा नोंदणीकृत मूल्यांकक नेमा. त्यांना जुना अहवाल दाखवू नका आणि तुमच्या मनातला आकडाही सांगू नका. गाळा पाहायला येतील तेव्हा दोघंही हजर राहा.