खडकाचं नाव सांगायच्या आधी

प्रिय मुली,

तुझा मेल मंगळवारी आला, दोनदा वाचला, लगेच मोबाइलवर उत्तर टाईप करायला बसले तर ते वाढतच गेलं, म्हणून आज सकाळी चहा घेऊन नीट बसलेय. एमएस्सी झाली, मार्क चांगले पडले, घरचे म्हणतायत यूपीएससीची जिओसायंटिस्टची परीक्षा दे आणि मोकळी हो, आणि तुझ्या मनात शिकवायचं आहे. वर तू विचारलंयस की "मॅडम, जिऑलॉजीची प्रोफेसर व्हायचं तर नक्की काय करायचं?" परीक्षेचं आणि नोकरीचं सांगते, पण ते नंतर. आधी जे सांगणारेय ते माझ्या एकतीस वर्षांच्या शिकवण्यातून आलंय आणि त्यातलं बरंचसं मी चुकून शिकलेय.

मी सेकंड इयरला असताना आमची फिल्ड, म्हणजे डोंगरात जाऊन खडक बघायची सहल, घाटात होती. सरांनी सगळ्यांना रस्त्याच्या कटिंगसमोर उभं केलं आणि म्हणाले, तासभर नुसतं बघा, वहीत काढा, पण कुणीही नाव घ्यायचं नाही, बेसॉल्ट हा शब्दसुद्धा नाही. आम्हाला वाटलं हे काय, काळा दगड तर आहे, महाराष्ट्रात अजून काय असणार! पंधरा मिनिटं कंटाळ्यात गेली आणि मग हळूहळू दिसायला लागलं. सगळ्यात खाली वीतभर जाडीचा लाल थर, बोटाने खरवडला की भुगा हातात येतो. त्याच्यावर काळा खडक, आणि त्या काळ्या खडकात लाल थराला लागूनच पांढऱ्या उभ्या कांड्या, जणू कुणी फळ्याचे खडू एका ओळीत उभे खोचून ठेवलेत. हातभर वर गेलं की त्या कांड्या गायब, नुसता घट्ट पाषाण, आणि अजून वर, माझा हात जेमतेम पोचेल तिथे, गोल गोल भोकं आणि त्यातही पांढरं भरलेलं. मी ते सगळं काढलं, आणि काढता काढता लक्षात आलं की कांड्या अगदी सरळ उभ्या नाहीयेत, सगळ्या एकाच बाजूला थोड्या कललेल्या आहेत.

तासाने सरांनी विचारलं, आता सांगा, हा थर उलटा झाला असता तर कळलं असतं का? आणि तेव्हा डोक्यात उजेड पडला. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हाचा एक थर जुन्या जमिनीवरून वाहत आला, तळाला अडकलेला वायू वर निघताना त्याच्या नळ्या झाल्या, लाव्हा अजून सरकत होता म्हणून त्या वाहत्या बाजूला कलल्या, सगळं तसंच थिजलं आणि नंतर केव्हातरी पाण्याने त्या नळ्यांत झिओलाइट हे पांढरं खनिज भरलं. म्हणजे त्या कांड्यांवरून खालची बाजू कुठली ते कळतं आणि लाव्हा कुठल्या अंगाला वाहिला तेही कळतं. हे पुस्तकात आहेच, मी आधी वाचलंही असेन, पण वाचलेलं परीक्षेनंतर गेलं आणि त्या दिवशी काढलेलं चित्र आजही डोळ्यांसमोर आहे.

मी पुढे शिकवायला लागले तेव्हा पहिली काही वर्षं मात्र याच्या बरोबर उलटं करत होते. पोर्शन संपवायचा असायचा, पोरांच्या हातात नमुना द्यायचा आणि लगेच सांगायचं हे अमुक, हे तमुक, लिहून घ्या. पोरं पास व्हायची, पण फिल्डवर नेलं की "मॅडम हे कुठलं?" म्हणून माझ्याच तोंडाकडे बघत उभी राहायची, दगडाकडे कुणी बघायचंच नाही. ही सवय मीच लावली होती.

आणि मग 1993 आलं. तेव्हा मला नोकरीला लागून जेमतेम पाच वर्षं झाली होती. सप्टेंबरमध्ये मी वर्गात भारताची भूरचना शिकवत होते आणि माझ्या नोट्समध्ये माझ्याच अक्षरात वाक्य होतं की दख्खनचं पठार हा प्राचीन आणि स्थिर भाग आहे, इथे मोठ्या भूकंपाचा धोका नाही. कोयनेचा 1967 चा भूकंप माहीत होता, पण तो धरणाच्या पाण्यामुळे झालेला म्हणून अपवाद म्हणून सांगायचा, असं मला शिकवलं गेलं होतं आणि मीही तसंच पुढे शिकवलं. 30 सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमाराला, गणपती विसर्जन करून लोक नुकतेच झोपलेले, लातूर जिल्ह्यातलं किल्लारी हादरलं. 6.2 चा भूकंप, माळवदाची जड घरं, दगडमातीच्या जाड भिंती, आठ-दहा हजार माणसं गेली. सरकारी भूकंप-नकाशात तो भाग तेव्हा झोन एकमध्ये होता, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात. 2002 साली नकाशा बदलला, झोन एक हा प्रकारच काढून टाकला आणि लातूरचा भाग तिसऱ्या झोनमध्ये गेला.

माझ्या वर्गात औसा तालुक्यातला, म्हणजे किल्लारीच्याच तालुक्यातला, एक मुलगा होता. दिवाळीनंतर तो परत आला आणि त्याने मला काहीही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. ते नोट्सचं पान मी फाडलं नाही. दर वर्षी नव्या बॅचला ते वाचून दाखवायचे, खाली लाल पेनाने तारीख घातलेली दाखवायचे आणि सांगायचे की हे मी शिकवलंय, हे मी स्वतः तपासलेलं नव्हतं, दुसऱ्याने सांगितलेलं पुढे सरकवलं होतं. तू शिकवायला लागलीस की तुझ्याही नोट्समध्ये असं एखादं वाक्य असणार, ते कुठलं हे आज कळत नाही एवढंच. म्हणून काय स्वतः बघितलंय आणि काय ऐकलंय हे वहीत वेगळं ठेव आणि वर्गात बोलतानाही वेगळं सांग, मुलांना ते कळतं, त्यांचा विश्वास उलट वाढतो.

लोणारचं उदाहरण मी नेहमी देते. 1.8 किलोमीटर व्यासाचं विवर, कित्येक वर्षं लोक ते ज्वालामुखीचं म्हणत होते, 1973 मध्ये तिथल्या खडकात धक्क्याने काचेसारखं झालेलं फेल्डस्पार, म्हणजे मॅस्केलिनाइट, दाखवलं गेलं आणि उल्केच्या आघाताचं नक्की झालं. ठीक. पण वय? एका पद्धतीने साधारण 50 हजार वर्षं येतं, आर्गॉनच्या पद्धतीने 2011 मध्ये साधारण 5 लाख 70 हजार आलं. दहापटीहून जास्त फरक! मुलांना सांगायचं की दोन्ही आकडे लिहा, कुठली पद्धत काय मोजते ते लिहा, आणि मग तुमचं मत लिहा.

आता रिसर्च. तुला वाटतंय की मोठ्या संस्थेत मोठी मशीनं असली तरच संशोधन होतं. मशीन लागतंच, नाही म्हणत नाही, डेटिंग म्हणजे खडकाचं वय काढणं, केमिस्ट्री यासाठी तुला कुठेतरी नमुने पाठवावेच लागतील. पण प्रश्न पायाखालीच सापडतो. दाराशॉ नौशेरवान वाडिया 1907 मध्ये जम्मूच्या कॉलेजात शिकवायला लागले, चौदा वर्षं तिथेच होते, सुट्ट्यांमध्ये आजूबाजूच्या डोंगरात भटकायचे, शिकवता शिकवता भारताच्या भूविज्ञानावरचं पुस्तक लिहिलं ते 1919 ला आलं. जिऑलॉजिकल सर्व्हेत ते गेले 1921 मध्ये, वय अडतीस! आणि हिमालय वायव्येला जो एकदम वळतो त्याचं कोडं उलगडणारं त्यांचं मोठं काम त्या पुढचं आहे, पण त्याची पायवाट जम्मूच्या टेकड्यांत सुरू झालेली. म्हणून कुणी म्हणालं की छोट्या कॉलेजात जाऊन तुझं करिअर संपेल तर मनावर घेऊ नकोस.

माझ्या पीएचडीचं सांगते. आमच्या तालुक्यातले डोंगर मॅप करायचे होते, लाव्हाचे थर मोजायचे. मी भोकांचा खडक, घट्ट खडक, परत भोकांचा, परत घट्ट, असं धरून चौदा थर मोजले, नकाशा रंगवला, दोन वर्षं गेली. मग पायथ्याला एका शेतकऱ्याची विहीर खोदायचं चालू होतं, त्याला विचारून यारीच्या बादलीतून चाळीस फूट खाली उतरले. खाली ओलसर गारवा, सुरुंगाच्या दारूचा वास, आणि ताज्या फुटलेल्या भिंतीवर टॉर्च मारला तर दिसलं की भोकांचा पट्टा आडवा पुढे जातच नाही, तो वळतो, घट्ट भागाला सगळ्या बाजूंनी गुंडाळतो आणि त्याच भिंतीत संपतो, शेजारी दुसरा तसाच. म्हणजे मी ज्यांना वेगवेगळे थर म्हणत होते त्या एकाच थराच्या जिभा होत्या, लाव्हा पुढे पुढे फुगत, फुटत सरकतो तशा एकमेकींवर चढलेल्या. विहीर खोदणारे मामा वरून ओरडून विचारत होते, ताई ठीक आहे ना, आणि मी खाली रडत होते. चौदाचे पाच झाले. पीएचडीला सात वर्षं लागली पण तो नकाशा आजही बरोबर आहे, आणि तेव्हापासून तालुक्यात कुठेही विहिरीचं काम निघालं की लोक मला फोन करतात.

लॅबमध्ये एक गोष्ट सोडू नकोस. थिन सेक्शन, म्हणजे मायक्रोस्कोपखाली बघायचे खडकाचे पातळ काप, विकत मिळतात, तयार सेट असतात, तरी प्रत्येक मुलाला आयुष्यात निदान एक स्वतः घासायला लाव. काचेवर चिकटवलेली खडकाची चकती कार्बोरंडमच्या पावडरीत घासत बसायची, बोटं दुखतात, पाणी काळं होतं, दर थोड्या वेळाने धुऊन मायक्रोस्कोपखाली धरायची, फेल्डस्पार पिवळं दिसतंय म्हणजे अजून जाड आहे, करड्या-पांढऱ्यावर आलं की 0.03 मिलिमीटर झालं, थांबायचं. अजून दोन मिनिटं घासलं तर नुसती काच उरते. दोन-तीन मुलांचं तसं होतंच, त्यांना पुन्हा द्यायचं, ओरडायचं नाही.

आता नोकरी, तुझ्या बाबांना दाखव हवं तर. नेट किंवा सेट, म्हणजे कॉलेजात शिकवण्यासाठीची पात्रता परीक्षा, लागणारच, सीएसआयआरच्या अर्थ सायन्सेसच्या पेपरची तयारी आत्ताच सुरू कर कारण एमएस्सीचं अजून ताजं आहे. ते झालं तरी कायम जागा लगेच मिळेल असं मी तुला खोटं सांगणार नाही. जिऑलॉजी मोजक्याच कॉलेजात आहे, भरती वर्षानुवर्षं अडकते आणि मधल्या काळात सीएचबीवर तासाप्रमाणे पैसे मिळतात, तेही वेळेवर नाही. मी तीन वर्षं सीएचबी केलंय, एका कॉलेजने वर्षभराचे पैसे पुढच्या जूनमध्ये दिले होते, घरी सांगायची लाज वाटायची. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की जिओसायंटिस्टची परीक्षा दे, मनापासून दे. त्यातून जीएसआयमध्ये, म्हणजे जिऑलॉजिकल सर्व्हेत, जाता येतं, केंद्रीय भूजल मंडळातही जाता येतं, आणि अभ्यास तोच आहे, नेटलाही कामाला येतो. जीएसआयमध्ये लागलीस तर फिल्ड एवढी मिळेल की कॉलेजात राहून मिळणार नाही आणि शिकवायची ओढ खरी असेल तर ती दहा वर्षांनीही राहते. पण दोन प्रयत्नांच्या पुढे तेच धरून बसू नकोस, मधेच पीएचडीला रजिस्टर हो.

आणि फिल्डचं, मुलगी म्हणून. आई काळजी करते लिहिलंयस, माझीही करायची. एकटी जायचं नाही, दोघी जा, गावात शिरल्यावर आधी सरपंच नाहीतर पोलीस पाटील यांना भेटून काय करतोय ते सांग, एखाद्या घरी पाणी माग, बाथरूमची सोय तिथेच होते आणि दिवसभर त्या घरच्या बाईचं तुझ्यावर लक्ष असतं. पावसाळ्यात कटिंगखाली उभी राहू नकोस, कितीही चांगला खडक उघडा पडलेला असला तरी.

गावातली माणसं तुला विचारतील, बोअर कुठे मारू? कर्ज काढून, पाणाड्याने नारळ हातावर उभा करून दाखवलेल्या जागी तीन बोअर कोरडे गेलेला माणूस समोर उभा असतो. त्याला हसू नकोस आणि घाईने जागाही दाखवू नकोस. आपल्या खडकात पाणी मुरमात, भेगांत, भोकांच्या थरात असतं, घट्ट पाषाणात जवळपास नसतं, हे त्याला त्याच्याच विहिरीच्या भिंतीवर दाखव. 30 जुलै 2014 ला आंबेगाव तालुक्यात माळीण गाव डोंगराखाली गाडलं गेलं, दीडशेच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर मी प्रत्येक बॅचकडून एका तरी वाडीच्या वरचा उतार चालून बघून घेतला, कुठे भेग पडलीय, कुठे नवा झरा फुटलाय, झाडं कलली आहेत का, आणि ते सगळं ग्रामपंचायतीला मराठीत लिहून दिलं. दोन ठिकाणी चर खणून पाणी वळवलं गेलं. हे कुठल्या जर्नलमध्ये छापून आलं नाही, आणि माझ्या सगळ्या कामात मला तेच सगळ्यात जवळचं आहे.

बाकी बोलू. पुढच्या रविवारी मी त्याच कटिंगला जाणारेय, रस्ता रुंद होतोय आणि त्या पांढऱ्या कांड्या महिनाभरात निघून जातील असं कळलंय, त्याआधी फोटो आणि मापं घ्यायची आहेत, मला एकटीला टेप धरता येत नाही. स्टँडवरून सव्वासहाची एसटी आहे. भिंग, कंपास आणि कोरी वही घेऊन ये, डबा मी आणते.

तुझी,
मॅडम